जुन्या बुलेटचं इंजिन घरीच खोलायचंय, आधी कोणती हत्यारं जमवू?

कराडचा मास्तर:

नमस्कार मंडळी,

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९८४ ची बुलेट ३५० आमच्या पडवीत उभी आहे. आण्णा गुरांचे डॉक्टर होते. ढेबेवाडी खोऱ्यात कुणाची गाय अडली की रात्री बारालाही निरोप यायचा आणि ते याच गाडीवर निघायचे. गाडीचा आवाज घाटाखालून ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली. गाडी मी अधूनमधून काढतो, पण आता निळा धूर येतो, ऑइल सारखं घालावं लागतं, आणि चढाला जोर दिला की इंजिनातून खालच्या बाजूने ठक् ठक् ऐकू येतं. वरून नव्हे, खालूनच.

गेल्या वर्षी एका गॅरेजात दाखवली होती. त्यांनी टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं गिअरांवरचं झाकण, उघडून परत लावलं. त्यानंतर कव्हराच्या दोन स्क्रूंची डोकी छिललेली दिसली. तेव्हापासून मनाने घेतलंय की हे इंजिन मी स्वतः खोलणार. घाई नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करेन आणि लागतील तेवढे महिने लावेन. शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मापं घेण्याचा कंटाळा नाही. हाताने केलेलं काम मात्र एवढंच: क्लच प्लेटा बदलल्या आहेत आणि दोनदा कार्बोरेटर साफ केला आहे.

अडचण पान्यांपासूनच सुरू होते. माझ्याकडे आठ ते चोवीसचा चांगला मेट्रिक सेट आहे. पण कितीतरी नटांना १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल फिरतो. व्हर्नियर लावला तर नट १३.३ भरतो! आण्णांच्या पत्र्याच्या पेटीत काही जुने पाने सापडले. त्यांच्यावर १/४ आणि ५/१६ असे आकडे आणि पुढे डब्ल्यू कोरलेलं आहे. १/४ चा त्या नटावर अगदी घट्ट बसला. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मग हा पाना १३.३ चा कसा?

पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. काय विकत घ्यावं, काय कुणाकडून मागून आणावं, काय घरी बनवता येतं? अर्ध्यात हत्यार नाही म्हणून छन्नी हातात घ्यायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढीच इच्छा आहे.


सांगलीकर:

सर, सरळ सांगतो, राग मानू नका. पूर्ण इंजिन खोलणं हे घरचं काम नाही. हेड आणि बॅरल, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, समजू शकतो. आमच्याकडचे मिस्त्री एक मोठा स्क्रू पाना, छन्नी, हातोडी एवढ्यावर अख्खं इंजिन दिवसात उतरवतात आणि गाड्या पळतातही. तुम्ही पंधरा हजार हत्यारांवर घालणार, तेवढ्यात निम्मं काम होऊन जाईल.


टूलरूमवाला, पिंपरी:

मास्तर, गाडीबद्दल वाचून बरं वाटलं. मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली, आता निवृत्त आहे. दोन बुलेटची इंजिनं स्वतःच्या हाताने बांधली आहेत, एक माझं आणि एक मेहुण्याचं. जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचं गणित. त्या पान्यावरचा आकडा जबड्याचा नाही, बोल्टच्या दांड्याचा आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचं एक प्रमाण ठरवून दिलं. पाव इंची बोल्टच्या डोक्याला जो पाना लागतो तो १/४ व्हिटवर्थ, मग त्याचा जबडा भरतो १३.३ मिलिमीटर. ३/१६ चा ११.३, ५/१६ चा १५.२, ३/८ चा १८.०, ७/१६ चा २०.८. म्हणजे ३/८ ला तुमचा अठराचा चालून जातो, बाकी कुठेही मेट्रिक नीट बसत नाही. अजून एक घोळ आहे. ब्रिटिश फाइन, म्हणजे बीएसएफ बोल्टची डोकी एक माप लहान असतात. त्यामुळे ५/१६ बीएसएफच्या नटाला १/४ व्हिटवर्थचाच पाना लागतो. जुन्या पान्यांवर म्हणूनच दोन दोन आकडे कोरलेले दिसतात. बुलेट मुळात इंग्लंडातली, १९५५ पासून मद्रासला बनायला लागली, आणि तिच्याबरोबर हे आटेही आले. आण्णांच्या पेटीतले पाने जपून ठेवा, तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला आहे.

पण नुसता पाना बसला म्हणून निर्धास्त होऊ नका. चाळीस वर्षांत कुणी कुणी हाताळलेल्या गाडीत मेट्रिक बोल्ट ठोकून बसवलेले सापडतातच. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० चा. ॲल्युमिनियमच्या भोकात चुकीचा बोल्ट दोनदा फिरला की आटे गेले. म्हणून एक पिच गेज, म्हणजे आटे ओळखायचं माप, घ्या, व्हिटवर्थ आणि मेट्रिक दोन्ही पात्यांचं. स्वस्त असतं. निघेल तो प्रत्येक बोल्ट त्यावर लावून बघा आणि वहीत लिहा.

आता खरी गोष्ट. नवीन माणूस इंजिन उघडायची हत्यारं जमवतो. मी म्हणतो, परत बांधायला काय लागेल ते आधी जमवा. उघडायला ताकद पुरते. बांधताना मात्र मोजावं लागतं, आणि मोजायचं हत्यार नसलं की माणूस अंदाज करतो. खालून ठक् ठक् येणारी इंजिनं महिन्याभरात परत का ठोकायला लागतात, तर नवीन बुश, म्हणजे बेअरिंगची कडी, टाकला पण क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, कुणी मोजला नाही म्हणून.

तर मोजायचं सामान. ५० ते ७५ मिलिमीटरचा बाहेरचा मायक्रोमीटर हवाच. तुमचा बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, ७० चा आहे आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० चा, म्हणून तर ३४६ सीसी भरतात, गुणाकार करून बघा, तुम्हाला आवडेल. पिस्टन मोजायचा तो खालच्या कडेशी, पिनच्या काटकोनात. बॅरल आतून मोजायला बोअर गेज लागतो, तो महाग. तो घेऊ नका. बोअरिंगवाल्याकडे असतोच. तुम्ही आपला मायक्रोमीटर बरोबर न्या आणि त्याचा गेज तुमच्या मायक्रोमीटरवर शून्य करून घ्या. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, अशी सहा मापं लिहून घ्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. आणि एक लक्षात ठेवा: ओव्हरसाइज, म्हणजे मापाने थोडा मोठा, पिस्टन आधी विकत घ्यायचा, मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यायचा. उलटं कधीच नाही.

फीलर गेज लागेल. रिंगा बॅरलमध्ये सरळ बसवून तोंडातली फट बघायची ती त्यानेच. अल्टरनेटरच्या रोटरभोवतीची फट चारी बाजूंनी सारखी आहे का, तेही. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप, आणि त्याचा चुंबकाचा स्टँड असला तर उत्तम, पण ते नंतरचं, पुढे सांगतो.

टॉर्क पाना घ्या, आणि त्यावर पैसे वाचवू नका. हेडचे नट समोरासमोर, थोडे थोडे करत तीन फेऱ्यांत आवळायचे. आकडा मॅन्युअलमधून घ्या, कुणाच्या तोंडून नको. मॅन्युअलची छापील प्रत हे माझ्या लेखी पहिलं हत्यार. टॉर्क पान्याने नट कधी सोडवू नये, आणि काम झालं की त्याची स्प्रिंग सैल करून, आकडा खाली आणून ठेवावा.

आता पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार. क्लच हबचा एक आणि टायमिंग पिनियनचा, म्हणजे क्रँकवरच्या छोट्या गिअरचा, एक. हे दोन नसतील तर इंजिनाला हातच लावू नका. छन्न्या आणि पाचर सगळ्यात जास्त चालतात त्या इथेच. क्लचचा मोठा नट सोडवताना हब फिरतं, ते धरायला घरी हत्यार बनतं: एक जुनी स्टीलची प्लेट आणि एक जुनी फ्रिक्शन प्लेट एकत्र वेल्ड करायची आणि त्याला दोन फूट लांब पट्टी जोडायची. तुम्ही प्लेटा बदलल्यात म्हणता, जुन्या टाकल्या नसतील तर तुमचं काम झालंच.

टायमिंगच्या बाजूला, क्रँकच्या टोकावर ऑइल पंप चालवणारा वर्म असतो. त्याचे आटे उलटे आहेत. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे वाक्य पुठ्ठ्यावर लिहून इंजिनासमोर टांगा. मेहुण्याच्या गाडीत आधीच्या माणसाने तो उलट्या बाजूला जोर लावून लावून टोक खराब केलं होतं. शेवटी क्रँकच बदलावा लागला.

आणि त्याच कव्हरात आतल्या बाजूला एक छोटी कॉर्कची सील आहे. पंपाने दाबलेलं ऑइल त्यातूनच क्रँकच्या टोकात शिरतं आणि बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, पोचतं. कव्हर निघालं की कॉर्क नवीनच टाकायची. मास्तर, तुम्ही लिहिलंत की गेल्या वर्षी कव्हर उघडून परत लावलं. ठक् ठक् त्याच्या आधीपासून होती की नंतरची? नंतरची असेल तर मला आधी त्या कॉर्कचा संशय येतो.

गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन, ठोकून काढू नका. पिस्टनभोवती गरम पाण्यात बुडवलेलं फडकं दोन-तीनदा गुंडाळा, पिन अंगठ्याने सरकते. ठोकलीत तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पिन अडवणारी सर्क्लिप काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबा.

क्रँककेसचे दोन भाग वेगळे करताना सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. सगळे स्टड निघाले का ते परत मोजा. एखादा राहिलेला असतो. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने कडेकडेने टपटप. बेअरिंग काढायला केस गरम करायची. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे, तेवढी. बेअरिंग आपोआप खाली पडतं. बसवताना नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये.

काही कामं मात्र बाहेरच. बोअरिंग, व्हॉल्व्ह सीट, स्मॉलएंडच्या, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाच्या, बुशचं भोक मापात आणणं (रीमिंग), आणि क्रँक दाबून सरळ करणं. ही घरी करायच्या फंदात पडू नका.

सांगलीकरांना एवढंच सांगेन की छन्नीने सोडवलेला नट सुटतो हे खरं. पण पुढच्या माणसाला त्याला पाना लावता येत नाही. आणि मास्तरांच्या गाडीचा पुढचा माणूस मास्तरच आहेत.


लेस्टरची वहिनी:

मी मूळची इस्लामपूरची, इथे एकोणीस वर्षं आहे. माझे यजमान जुन्या मोटरसायकलींच्या मागे वेडे आहेत, त्यामुळे रविवारी ऑटोजंबल, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फिरणं हेच आमचं फिरणं. व्हिटवर्थचे जुने पाने तिथे मांडलेले असतात, किंग डिक, ब्रिटूल अशा जुन्या कंपन्यांचे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, तरी जबडा तसूभर झिजलेला नाही. फिक्स पाने सहज मिळतात, गोटी पाने कमी. पोस्टाने पाठवायचं म्हटलं तर वजन परवडत नाही. त्यापेक्षा कुणी भारतात येणार असेल त्याच्या चेक-इन सामानातून. हातातल्या सामानात मुळीच ठेवायला सांगू नका, सुरक्षेत अडवतात.

घेताना एक बघा: दोन्ही जबडे समांतर आहेत का. पाइप लावून ताकद दिलेला पाना तोंडाशी किंचित पसरलेला असतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बरोबर एक चांगला नट घेऊन जायचं. यजमानांच्या खिशात कायम १/४ आणि ५/१६ चे दोन नट असतात.


कराडचा मास्तर:

टूलरूमकाका, तुम्हाला काका म्हटलं तर चालेल ना? तुमचा प्रश्न वाचून मी गाडीच्या वहीकडे गेलो. आण्णा प्रत्येक खर्च लिहायचे, ती सवय मीही ठेवली आहे. कव्हर उघडलं त्याची नोंद फेब्रुवारीतली आहे. "खालून आवाज" ही नोंद मे महिन्यातली. म्हणजे नंतरचीच. कॉर्कबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. त्या तीन महिन्यांत मी गाडी दोनदा कोयनानगरला नेली. वाईट वाटलं.

क्लचच्या जुन्या प्लेटा आहेत, माळ्यावर. शेजारचा वेल्डर उद्या जोडून देतो म्हणाला.

वहिनी, पानेवाल्या नटाची युक्ती छान आहे. पुण्याला गेलो की जुन्या बाजारात बघेन.


नाना पेठेतला:

जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी या, सकाळी लवकर. व्हिटवर्थचे पाने किलोवर विकणारे बसतात, पण शोधावं लागतं. पुलर मात्र तिथून घेऊ नका, झिजलेल्या आट्याचा पुलर क्रँकच्या टोकाचे आटे घेऊन जातो. तो नाना पेठेत नवाच मिळतो. गाडीचं साल सांगा आणि जमलं तर जुनं पिनियन दाखवा. पकडी, पाने, सर्क्लिप प्लायर आपल्या नाशिकच्या तापडियाचे घेतलेत तरी आयुष्यभर पुरतात. टूलरूमकाकांनी व्हॉल्व्ह स्प्रिंगचा कॉम्प्रेसर सांगितला नाही. तो मोठ्या जी-क्लॅम्पला पाइपचा तुकडा वेल्ड करूनही बनतो, पाइपला खिडकी कापायची म्हणजे व्हॉल्व्हचे लॉक काढता येतात.

बांधून झालं की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट, थंड इंजिनावर लावा. बुलेटला फट ठेवायची नाही, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली अजिबात हलता कामा नये. दुसऱ्या गाड्यांची सवय असलेले लोक इथे फीलर घालतात आणि मग आवाज येतो म्हणून परत येतात.


टूलरूमवाला, पिंपरी:

बरोबर, कॉम्प्रेसर राहिला. धन्यवाद.

मास्तर, खुशाल काका म्हणा. आणि वाईट वाटून घेऊ नका. अजून काही ठरलेलं नाही. आता असं करा: पुलर वगैरे विकत घ्यायच्या आधी फक्त हेड आणि बॅरल उतरवा. इंजिन फ्रेममध्ये असतानाच निघतं, आणि त्याला तुमच्याकडचे पाने पुरतील. मग पिस्टन अगदी वर आणून कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढून बघा. डाव्या-उजव्या बाजूला हलला तर घाबरू नका, ते असतंच. पण वर-खाली टक् लागलं तर खालचं उघडायला पर्याय नाही. नाही लागलं तर नवीन कॉर्क, बोअर आणि पिस्टन यावरच भागेल.

पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, तोही बघा. झिजलेल्या पिस्टनची थप्पडही लोकांना खालून आल्यासारखी वाटते.


कराडचा मास्तर:

आज दुपारी केलं. सगळं लिहितो म्हणजे चुकलं असेल तर सांगाल.

पडवीत जुनं सतरंजीचं अंथरूण, त्यावर आईच्या दोन पराती, एकीत रॉकेल, एकीत काढलेले भाग. टायमिंग कव्हरची आकृती पुठ्ठ्यावर काढली आणि स्क्रू जसे निघाले तसे त्या त्या जागी टोचले. कारण त्यांची लांबी वेगवेगळी आहे! छिललेली डोकी असलेले दोन स्क्रू इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरने निघाले, हातोडीचा एकच ठोका पुरला. कॉर्क काढली. काळी, कडक, आणि एका बाजूने चिरलेली. ती नवीन नव्हती, म्हणजे गेल्या वर्षी बदललीच नव्हती.

मग हेड, बॅरल. पिस्टन गरम फडक्याने सुटला, पिन खरंच अंगठ्याने सरकली. बॅरलच्या वरच्या कडेशी नख अडकेल इतकी पायरी पडली आहे.

रॉड धरला. वर-खाली हलतो. फार नाही, पण टक् स्पष्ट लागतं. आईलाही धरायला दिला, तिलाही लागलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन आण्णांचा काम करतानाचा निळा शर्ट आणून दिला, म्हणाली हा घाल, तुझे कपडे खराब होतील.

तर खालचं उघडतोय. मॅन्युअलची प्रत आली, मायक्रोमीटर आणि पिच गेज आले. टॉर्क पाना मागवला आहे. पुढच्या बुधवारी पुण्याला येतोय, जुना बाजार आणि नाना पेठ दोन्ही. क्लचचं हत्यार तयार आहे. अडलं आहे ते एकच, डायल गेज. क्रँक लेथवाल्याकडून दाबून आला की तो खरंच सरळ आहे की नाही हे मी कसं बघू?


टूलरूमवाला, पिंपरी:

डायल गेज विकत घेऊ नका. एका दिवसाच्या कामासाठी कशाला. माझा आहे, स्टँड आहे, शाफ्ट टेकवायचे दोन व्ही-ब्लॉक, म्हणजे खाचेचे ठोकळेही आहेत. व्ही-ब्लॉकखाली ठेवायला सपाट जाड काच किंवा ग्रॅनाइटचा तुकडा तेवढा बघून ठेवा, ओट्याचा उरलेला चालेल. क्रँक आला की कळवा, मी एसटीने येतो. दोन्ही शाफ्टवर काटा किती फिरतो ते तुमच्यासमोर बघू. जास्त फिरला तर त्याच दिवशी लेथवाल्याकडे परत जाऊ, दोघं मिळून.

तोवर क्रँकचे शाफ्ट तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवा. आणि ती कॉर्क टाकू नका, मला बघायची आहे.